आज इथे फार अंधार आहे

न्यूयॉर्क, १४ ऑक्टोबर

ती. काका,

नमस्कार. साष्टांग घालायला माझ्या खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्यानेच स्वीकारा. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही नुसता अंगठा पाठवता. म्हणून तुमच्या पुतणीने आज पोस्टाची तिकिटं विकत घेतली. काउंटरवरची बाई माझ्याकडे कौतुकाने बघत होती.

तुमच्याकडे एक काम आहे. मी आमच्या म्युझियममध्ये जुनी चित्रं साफ करते हे तुम्हाला माहीत आहेच. (बाबा अजूनही लोकांना सांगतात, "सई कॉम्प्युटरमध्ये आहे.") सध्या माझ्या टेबलावर अर्विंग झेल्डिन नावाच्या चित्रकाराचं चित्र आहे. हा ब्रॉन्क्समधला ज्यू माणूस. दुसरं महायुद्ध संपल्यावर तीसेक वर्षं त्याने फक्त आपली गल्ली रंगवली. खारवलेल्या काकड्यांची पिंपं, कोंबडी हातात धरून घासाघीस करणाऱ्या बायका, फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेल्या म्हाताऱ्या, सिनेगॉगच्या पायऱ्यांवर तावातावाने भांडणारे म्हातारे. बघताना कानात गलका होतो.

माझ्याकडचं चित्र १९७४ चं आहे, नाव 'दोन बहिणी'. स्वयंपाकघर. टेबलावर दोन मेणबत्त्या लागलेल्या. एक बाई खुर्चीवर बसलीय. दुसरी उभी राहून हात वर करून दिव्याची साखळी ओढतेय. दोघीही पोट धरून हसतायत. वरचं व्हार्निश पिवळं पडलं होतं, त्यावर कुणाच्या तरी स्वयंपाकघराची चिकट काजळी. ते काढता काढता उभ्या बाईच्या कपाळावर लाल ठिपका निघाला. माझी बॉस डॅना हिने कामाच्या कागदावर लिहिलं, 'कपाळावर लाल थेंब, नंतर उडालेला असावा, काढणे.' मी कापसाचा बोळा उचलला आणि थांबले. काका, ते कुंकू आहे.

आणि ती बाई मला सुलभाकाकू वाटते. तुमच्या लग्नाच्या फोटोतली. तुम्ही दोघं तेव्हा ब्रॉन्क्सलाच होतात ना? फोटो सोबत आहे. नीट बघून कळवा, नाहीतर मला तो ठिपका पुसावा लागेल.

बाकी मी मजेत. रूममेट शिवांगीला बोस्टनला नोकरी लागली, त्यामुळे अख्खं अपार्टमेंट माझं! रेडिएटर तेवढा ठणठण वाजत असतो.

तुमची
सई

*

कॅरी, २१ ऑक्टोबर

चि. सई,

अनेक आशीर्वाद. रेडिएटरमध्ये हवा अडकली असणार. बिल्डिंगच्या माणसाला सांगून ती काढून घे, आवाज जाईल. एकटी आहेस तर दाराला दुसरी कडी लाव, आणि ड जीवनसत्त्व सुरू कर.

चित्र पाहिलं. ती सुलभा नाही.

कारण सांगतो. मी हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट डॉक्टर होतो. सकाळी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी यायचा आणि बूट न काढता झोपायचा. ती चौथ्या मजल्यावर एकटी. इंग्रजी यथातथा, बर्फात पाय टाकायची भीती, ओळखीचं एक माणूस नाही. त्या काळाबद्दल ती पुढे कधी बोललीच नाही. मीही विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. मी तिला आणून त्या खोलीत कोंडलं होतं. अशी बाई कुणाच्या स्वयंपाकघरात पोट धरून हसत नाही. कपाळावर लाल ठिपका असणाऱ्या बायका जगात पुष्कळ आहेत.

राजसने तुला माझी चौकशी करायला लावलंय का? तो रेडमंडमध्ये बसून मला फोनवर शिकवतो की, "बाबा, प्लीज, हॉस्पिटलला कॉल करणं स्टॉप करा." मी का करतो ते तुलाही सांगून टाकतो, म्हणजे सगळे मिळून मला वेड्यात काढायला मोकळे.

सुलभा गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमध्ये मला म्हणाली, "अहो, आज इथे फार अंधार आहे हो." खोलीत लख्ख दिवे होते, खिडकीतून ऊन आत येत होतं. हृदयाच्या पेशंटला अचानक दिसेनासं झालं तर ते मेंदूचं दुखणं असू शकतं. मी टॉर्च काढला, तिच्या बाहुल्या तपासल्या. ठीक होत्या. न्यूरोलॉजिस्टला बोलावणं धाडलं. त्याची वाट बघत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "हां. आता उजेड आला." खोलीत काहीही बदललं नव्हतं. तेच दिवे, तेच ऊन. मग न्यूरोलॉजिस्ट आला, त्याला काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, आणि माझ्या बायकोला काय झालं होतं ते मला सांगता येत नाही. गेलेली दृष्टी अशी मिनिटांत परत येत नाही. माझ्याकडून काहीतरी सुटलं. काय सुटलं ते कळल्याशिवाय मला चैन नाही. तिचे स्कॅन मागवलेत, पुन्हा पाहणार आहे.

तिला अंधाराचा त्रास तसा जुनाच. या घरातही भरदुपारी म्हणायची, "आज अंधार वाटतोय नाही?" मी दर वेळी एक दिवा वाढवत गेलो. आता आमच्या दिवाणखान्यात मांडवात असतात तेवढे दिवे आहेत. मोतीबिंदूची शंका आली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडेही नेलं. तो म्हणाला, "हिचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले आहेत."

असो. ठिपका खुशाल पूस.

तुझा
जगन्नाथकाका

*

न्यूयॉर्क, २९ ऑक्टोबर

ती. काका,

तुम्ही पुसायला सांगितलंत म्हणून मी पुसला नाही. लहानपणापासून तुमचं ऐकत आलेय ते असंच.

राजसदादाने मला काही सांगितलं नव्हतं. पण तुमचं पत्र वाचून मी जिन्यातच बसले होते. स्कॅन पाहून तुम्हाला काही मिळावं, असं मनापासून वाटतं. मिळेल असं मात्र वाटत नाही. रागावू नका.

आता पुरावा. उभ्या बाईच्या अंगावरचा भाग काल साफ झाला. आधी तो काळपट कोट वाटत होता. आता खाली साडीचा काठ निघालाय, आणि वर तपकिरी पुरुषी स्वेटर. विणलेला, घरचा. चित्रकाराला बाह्या रंगवायला येत नव्हत्या असं डॅना म्हणते, कारण डावी बाही उजवीपेक्षा चांगली चार बोटं लांब आहे. पण काका, याच माणसाने कोंबडीचं एकेक पीस बरोबर रंगवलंय. तो बाहीत कसा चुकेल? मोठा फोटो पाठवतेय. भिंग घेऊन बघा.

दाराला दुसरी कडी लावली. त्याचा उपयोग इतकाच की आता घरी आल्यावर दोन कुलपं उघडायची, आणि आत कुणी नसतंच. रेडिएटर दुरुस्त झाला. तो आवाज बंद झाल्यापासून उगीच शांत शांत वाटतं.

सई

*

कॅरी, ४ नोव्हेंबर

चि. सई,

तो स्वेटर माझ्या आईने विणलेला आहे. म्हणजे तुझ्या आजीने. मी अमेरिकेला निघालो तेव्हा ती घाईने विणत होती. डाव्या बाहीचे टाके मोजताना शेजारीण गप्पा मारायला आली आणि बाही लांबली. उसवायला वेळ नव्हता. "लांब हात असलेला बरा, तिकडे काहीतरी मिळवशील," असं म्हणून तसाच दिला. ब्रॉन्क्सला तो एकदा हरवला. सुलभा म्हणाली, धुण्याच्या मशीनवरून कुणीतरी उचलला असेल. मी त्या अनोळखी चोराला बरीच वर्षं शिव्या घातल्या.

ती सुलभाच आहे. तुझ्या बॉसला सांग, त्या ठिपक्याला हात लावायचा नाही. ती कुंकवासकट गेली, आता चित्रातलं पुसू नका.

पण सई, माझं डोकं ठिकाणावर नाही. फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवलाय आणि मी त्याच्याभोवती फेऱ्या मारतो. ती बसलेली बाई कोण? सुलभा तिथे कशी पोचली? आणि ती हसतेय किती! जवळपास पन्नास वर्षं संसार केला, असं हसताना मी तिला चारपाच वेळा पाहिलं असेल. मला न सांगता कुठे जायची ती? मला का नाही सांगितलं?

स्कॅन आले. स्वच्छ आहेत. तो रस्ता बंद झाला.

तू त्या बाईचा शोध घे. बाकी कामं राहू देत.

काका

*

न्यूयॉर्क, २ डिसेंबर

ती. काका,

उशीर झाला, माफ करा. थँक्सगिव्हिंगला सगळं शहर बंद होतं. थंडी मी म्हणतेय. काल पहिला बर्फ पडला, फार नाही, रस्त्यावर चिखल करण्यापुरता. चँडलरहून आईचा रोज फोन येतो, तिकडे लोक टी-शर्टमध्ये फिरतायत म्हणे.

तर, बसलेली बाई म्हणजे एस्थर, चित्रकाराची बहीण. ती आता नाही. पण तिची मुलगी रूथ सत्तरीची आहे आणि अजून ब्रॉन्क्सलाच राहते. मी तिला जाऊन भेटले. फोटो दाखवल्याबरोबर म्हणाली, "सुलबा!"

एस्थर तुमच्याच बिल्डिंगमध्ये, तुमच्या खालच्या मजल्यावर राहायची. नवरा वारलेला, धर्माची पक्की. ज्यू लोकांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो. एकदा मेणबत्त्या लावल्या की शनिवारी रात्रीपर्यंत दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही, गॅस पेटवायचा नाही. दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याने आपणहून केलं तर चालतं. पण त्याला "दिवा लाव" असं सांगायचं नाही. सांगून करवलं तर ते आपणच केल्यासारखं. मग काय करायचं? नुसतं म्हणायचं, "आज इथे फार अंधार आहे." समोरच्याला कळलं तर कळलं.

शुक्रवारी संध्याकाळी एस्थर जिन्यात येऊन वर बघून तेवढं म्हणायची आणि काकू खाली जाऊन दिव्याची साखळी ओढायची. अर्विंग जेवायला यायचा. तो फारसा धर्म पाळायचा नाही, पण बहिणीच्या घरी शब्बाथला ब्रश धरायची त्याची हिंमत नव्हती. म्हणून सगळं डोळ्यांत भरून घ्यायचा आणि रविवारी आठवून रंगवायचा. रूथला 'दोन बहिणी' हे नाव ऐकूनच हसू आलं. म्हणाली, "मेणबत्त्या आधीच लागल्यायत ना? मग साखळी ओढणारी बाई आमच्यातली असेलच कशी?" म्युझियममधल्या इतक्या शहाण्या माणसांना हे सुचलं नव्हतं.

स्वेटरबद्दल: एस्थरचं घर गार असायचं म्हणून काकूने तो तिथे खुंटीवरच ठेवला होता. चोर घरातलाच निघाला.

एवढंच. बाकी ठीक. तब्येतीला जपा. तिकडे थंडी कशी आहे?

सई

*

कॅरी, ९ डिसेंबर

चि. सई,

तू काहीतरी लपवते आहेस. जो पेशंट हवापाण्यावर इतकं बोलतो, त्याला दुखणं सांगायचं नसतं. आणि तुझ्या पत्रात 'एवढंच' हा शब्द आलाय. तू लहानपणी लाडू चोरल्यावरही 'एवढंच' म्हणायचीस.

'आज इथे फार अंधार आहे.' तू हे वाक्य लिहिलंस आणि पुढे स्वेटरकडे वळलीस. मी बहिरा आहे, आंधळा नाही. तुला काय वाटलं, मी ते ओळखणार नाही?

हॉस्पिटलमध्ये लावायला दिवा कुठे होता? सगळे लागलेलेच होते. मग ती काय मागत होती? रूथने तुला आणखी काय सांगितलं ते सगळं लिही. मला वाईट वाटेल म्हणून गाळू नकोस. मला याहून वाईट आता काय वाटायचंय?

काका

*

न्यूयॉर्क, १६ डिसेंबर

ती. काका,

गाळलं होतं. तुमच्या टॉर्चमुळे गाळलं. हे वाचून तुम्ही आयुष्यभर त्या टॉर्चकडे बघत बसाल अशी भीती वाटली. पण तुम्ही मागितलंत, म्हणून लिहिते.

मी रूथला विचारलं होतं, "एस्थर शब्बाथच्या आधीच दिवा लावून का नाही ठेवायची? बाकीच्या बायका तसंच करायच्या ना?" ती म्हणाली, "आई विसरायची. दर शुक्रवारी. मुद्दाम." वरच्या मजल्यावरची नवी मुलगी दिवसभर खिडकीत बसलेली तिला दिसायची. या म्हटलं तर आली नसती, संकोचली असती. म्हणून आई दिवा विसरायची. मुलीला वाटायचं आपण मदत करतोय.

पुढे काकूला ते कळलं. त्या चित्रातलं हसणं तेव्हाचंच असेल, असं रूथ म्हणते. त्यानंतर तो दोघींचा खेळ झाला. शुक्रवारची गरज राहिली नाही. मंगळवारी, भरदुपारी, खिडकीत ऊन असताना काकू वरून जिन्यात वाकून हाक द्यायची, "एस्थर, आज इथे फार अंधार आहे!" आणि एस्थर हातातलं काम टाकून वर यायची. दिवा लावायला नाही. नुसती जवळ बसायला. अर्थ तेवढाच होता: ये, माझ्याजवळ बस. आणि नियमही तोच होता. मागायचं नाही. मागून मिळालं तर त्यात गंमत नाही, समोरच्याला आपणहून कळलं पाहिजे.

तुम्ही ब्रॉन्क्स सोडलंत त्या दिवशी एस्थर खाली आली नाही, रूथ सांगत होती. दार लावून बसली होती.

काका, तुम्ही ठीक आहात ना? पत्र मिळालं की राजसदादाला फोन करा, नुसता अंगठा पाठवू नका.

सई

*

कॅरी, ८ जानेवारी

चि. सई,

इतके दिवस लिहिलं नाही. राजस येऊन गेला. तू त्याला पाठवलंस हे मला कळलं, कारण तो माझ्याशी अचानक प्रेमाने बोलायला लागला.

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी घरातले दिवे मोजायला निघालो. मग दिवाणखान्यात सोफ्याच्या कडेला, सुलभा बसायची तिथे, बसून राहिलो. वर छतात माझे सगळे दिवे. प्रत्येक दिवा म्हणजे ती एकदा म्हणाली होती, "आज अंधार वाटतोय नाही?" आणि मी शिडी आणली होती. बाई म्हणतेय जवळ ये, आणि नवरा दुकानात जाऊन बल्ब आणतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मला तिचा रागही आला. अगं, स्पष्ट बोलायचं होतंस! मी डॉक्टर, मला कुठे दुखतंय ते बोट ठेवून सांगावं लागतं. मग आठवलं, एस्थरलाही तिने कधी बोट ठेवून सांगितलं नव्हतं, आणि तिला कळायचं. मी खूप रडलो. राजसने बघितलं, बिचारा घाबरला. म्हणाला, "बाबा, डॉक्टरला कॉल करू?" मी म्हटलं, "नको, बस इथे." बसला. फोन खिशात ठेवला आणि बसला.

तेव्हा मला ते आठवलं.

तुला मी लिहिलं होतं की, उजेड आला असं ती म्हणाली तेव्हा खोलीत काहीही बदललं नव्हतं. डॉक्टरच्या नजरेने मी तेवढंच पाहिलं होतं: दिवे, ऊन, मॉनिटर. टॉर्चने तपासून झाल्यावर मी न्यूरोलॉजिस्टला बोलावणं धाडलं. दिवसभर उभा होतो, गुडघे दुखत होते. खुर्चीवर तिच्या कपड्यांची पिशवी होती, ती उचलायचाही कंटाळा आला. म्हणून मी तिच्या पलंगावर टेकलो. तिचा हात मध्ये आला, तो उचलून मी मांडीवर घेतला. आणि ती म्हणाली, "हां. आता उजेड आला."

बदललं होतं, सई. मी बसलो होतो.

मला कळलं नव्हतं, हे खरं. गुडघ्यांना कळलं म्हण हवं तर. पण तिला वाटलं असेल की मला कळलं. निदान त्या वेळी तरी कळलं. न्यूरोलॉजिस्ट आला तेव्हा मी उठायला लागलो, तर तिने हात सोडला नाही. त्याला पलंगाच्या दुसऱ्या बाजूने यावं लागलं. मी संध्याकाळपर्यंत तिथेच होतो. हे सगळं माझ्या डोक्यातून पुसलं गेलं होतं, कारण त्यात निदान काहीच नव्हतं.

स्कॅनची पाकिटं कपाटात टाकलीत. काल रात्रभर झोपलो.

ते चित्र भिंतीवर लागेल तेव्हा कळव. यायला जमेल असं वाटत नाही. आठवणीने एक नीट फोटो पाठव. आणि तू ड जीवनसत्त्व घेतेस ना?

तुझा
काका

*

न्यूयॉर्क, १९ जानेवारी

ती. काका,

तुमचं पत्र मी म्युझियमच्या पायऱ्यांवर बसून वाचलं आणि डॅनालाही वाचून दाखवलं, मोडक्यातोडक्या भाषांतरात. तिने कामाच्या कागदावरची ती ओळ खोडली आणि माझ्यासमोर लिहिलं, 'कुंकू. मूळ चित्राचा भाग. हात लावू नये.'

मंगळवारी चित्र भिंतीवर लागलं. नवीन पाटीवर नाव तेच, 'दोन बहिणी'. रूथनेच हट्ट धरला, नाव बदलायचं नाही. खाली दोघींची नावं आहेत, एस्थर आणि सुलभा. चित्र आता इतकं स्वच्छ झालंय की मेणबत्त्यांचा पिवळा उजेड काकूच्या बांगड्यांवर दिसतो. लांब बाहीचं टोक तिने मुठीत धरलंय, तेही दिसतं.

फोटो मात्र पाठवत नाही.

ड जीवनसत्त्व घेते. रेडिएटर गरम आहे. दोन्ही कड्या लावलेल्या आहेत. शिवांगीच्या रिकाम्या खोलीतसुद्धा मी दिवा लावून ठेवते, म्हणजे घरी आल्यावर बरं वाटतं. सगळं व्यवस्थित आहे, तपासण्यासारखं काही नाही.

पण काका, आज इथे फार अंधार आहे.

सई

*

कॅरी, २३ जानेवारी

चि. सई,

पत्र आत्ताच मिळालं. उद्या सकाळच्या ट्रेनने निघतोय, रात्री पोचेन. हे पत्र माझ्यानंतर येईल, तेव्हा दोघं मिळून वाचू.

टॉर्च घरीच ठेवतोय.

काका